मांडणी ३६० पिक्सेलपासून सुरू करा

शिकाऊ मंडळी आधी लॅपटॉपवर तीन रकान्यांचं वेबपान बनवतात आणि मग ते मोबाइलमध्ये कोंबायला जातात. क्रम उलटा ठेवा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पान तपासायच्या साधनांमध्ये) रुंदी फोनइतकी, म्हणजे ३६० पिक्सेल करा, सगळा मजकूर एका रकान्यात नीट वाचता येईल असं पान बनवा, मग रुंदी हळूहळू वाढवा. ओळी फार लांब वाटू लागतील तिथे मीडिया क्वेरी, म्हणजे ठरावीक रुंदीपासून वेगळी मांडणी लावणारा नियम घाला. तो आकडा ६४० येईल किंवा ७१०. फोनच्या मॉडेलवरून तो ठरवू नका, मॉडेलं दरवर्षी बदलतात.

पानाच्या हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीच्या, न दिसणाऱ्या भागात) व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग हवाच; पान किती रुंद धरायचं ते तो ब्राउझरला सांगतो. तो नसेल तर मोबाइल ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो, त्यामुळे बरोबर लिहिलेल्या मीडिया क्वेरीही फोनच्या खऱ्या रुंदीप्रमाणे लागू होत नाहीत. याच टॅगमधून झूम मात्र बंद करू नका, कमी दिसणाऱ्यांची अडचण होते.

सगळ्यात चिवट दोष म्हणजे पान आडवं सरकणं. चित्रांना मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) १०० टक्के आणि हाइट ऑटो द्या. तरी सरकत असेल तर फ्लेक्समधले (शेजारी-शेजारी मांडायच्या पद्धतीतले) घटक तपासा. त्यांची मिन-विड्थ (कमीत कमी रुंदी) मुळात ऑटो असते, म्हणून आतल्या न तुटणाऱ्या मजकुरापेक्षा ते अरुंद होत नाहीत. ती शून्य करा. लांबलचक लिंक कुठेही तुटून पुढच्या ओळीत जावी यासाठी ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर द्या, आणि रुंद तक्त्याला स्वतंत्र डिव्हमध्ये (चौकटीत) ठेवून फक्त तेवढा भाग सरकू द्या. दोषी घटक सापडत नसेल तर सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन लावा, कोण बाहेर डोकावतंय ते लगेच दिसतं. बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारं लपवा) लावून झाकाझाक करू नका, मजकूर कापला जातो.

मराठी पानांसाठी आणखी थोडं. लाइन-हाइट (ओळीची उंची, फॉन्टच्या पटीत) १.२ ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. १.६ ते १.८ ठेवा. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नका, शिरोरेषा तुटते. बटणाला ठरावीक उंची देण्याऐवजी पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) द्या: ‘सबमिट’ एका ओळीत मावतं, ‘अर्ज दाखल करा’ अरुंद बटणात दोन ओळींवर जातं.

फॉर्ममधल्या रकान्यांचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला तर आयफोनवर टाइप करायला जाताच पान आपोआप झूम होतं. शेवटची तपासणी खऱ्या फोनवर, फोनच्या सेटिंगमधून अक्षरं मोठी करून आणि फोन आडवा धरूनही करा.