विमानाचा फोटो: आधी ऊन, मग कात्री

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाजवळच्या मुकुंदवाडीत राहणाऱ्याला विमानं शोधत जावं लागत नाही. पोटापाण्यासाठी मी लग्नाचे फोटो काढते, पण लांब लेन्स घेतली ती विमानांसाठी. नवी मुलं भेटली की पहिला प्रश्न असतो, "ताई, क्रॉप किती करायचा?" म्हणजे फोटोच्या कडा किती कापायच्या. मी म्हणते, ते उन्हाला विचारा. ऊन पूर्ण अंगावर असेल तर बिनधास्त जवळ कापा. ऊन वाईट असेल तर विमान लहान ठेवा आणि भोवतालची जमीन, आभाळ फोटोत येऊ द्या. कात्री आणि प्रकाश यांचा निर्णय वेगवेगळा होत नाही.

चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, नांदेडचीही जवळपास तशीच. म्हणून कुठल्या बाजूला उभं राहायचं हे घड्याळाआधी महिना ठरवतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो. तेव्हा दक्षिणेला उभं राहायचं, सूर्य पाठीशी घ्यायचा. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य आपल्याकडे 47 अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे बाराचा फोटोसुद्धा चालतो. उन्हाळ्यात गणित उलटतं. 21 मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणजे मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्तरेची बाजू उजळते. 20 मेच्या सुमारास तर दुपारी तो थेट डोक्यावर येतो. विमानाची पाठ चमकते, पंखाची सावली बाजूवर पडते, पोट काळं होतं. त्या उन्हात मी कॅमेरा काढतच नाही.

आपल्या काळ्या मातीचाही यात हात आहे. नांगरलेलं रान प्रकाश गिळतं, त्यामुळे उतरणाऱ्या विमानाच्या पोटाला खालून काहीच उजेड मिळत नाही. फेब्रुवारीत शाळू पिकला की तेच रान पिवळसर उजेड वर फेकतं, आणि अगदी खाली आलेल्या विमानाचं पोट, चाकांची दारं, इंजिनाची खालची बाजू दिसू लागते. मराठवाड्यातला माझा सर्वांत आवडता प्रकाश हाच. तेव्हा बांधावर उभं राहण्याआधी शेतमालकाला विचारा. मला एका काकांनी सांगितलं, "थांब की पोरी, पण ज्वारी तुडवू नको." विमानतळाच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. बाहेरही पोलिसांनी हटकलं तर वाद न घालता निघा.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, विमानाच्या पांढऱ्या रंगासाठी लावा. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200, एफ 8 (लेन्सचं छिद्र), शटर 1/1000 सेकंद इथून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आदळत नाही ना ते पाहा. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सावली बऱ्यापैकी उचलता येते, पण जळून गेलेला पांढरा परत येत नाही.

आता कात्री. एअरबस ए-320 ची लांबी 37.57 मीटर, उंची 11.76 मीटर, म्हणजे बाजूने पाहिलं तर साधारण तीनास एक. कॅमेऱ्याची 3:2 चौकट त्याच्या वर-खाली बरंच रिकामं आभाळ ठेवते, 16:9 नीट बसते. चौकटीचा मध्य काढताना फक्त धड पाहू नका. शेपटीच्या टोकापासून चाकांपर्यंतची उंची धरा, मग धड आपोआप थोडं खाली जातं आणि तेच बरोबर दिसतं. नाकापुढे शेपटीमागच्यापेक्षा किंचित जास्त जागा सोडा.

विमान कापायचंच असेल तर ठामपणे कापा. नाकापासून इंजिनापर्यंतचा तुकडा कलत्या उन्हात सुंदर दिसतो, कारण पत्र्याचे जोड आणि रिव्हेटच्या ओळी तेव्हाच उठतात. पण शेपटीचं टोक किंवा पंखाचा शेंडा जेमतेम कापला गेला तर ती चूकच वाटते. भारतीय विमानांवरचा व्हीटी- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही अर्धवट सोडू नका. क्षितिज सरळ करताना विमानाचा आधार घेऊ नका, चढताना त्याचं नाक वर असणारच. खांब किंवा इमारतीच्या कडा पाहा.

सकाळी दहानंतर धावपट्टीवर हवा थरथरायला लागते. 24 मेगापिक्सेलच्या 6000 पिक्सेल रुंद फोटोत विमान एक तृतीयांश असेल तर त्याला 2000 पिक्सेलच मिळतात. तेवढं कापून मोठं केलं की थरथरही तितकीच मोठी होते. महाग लेन्स किंवा सॉफ्टवेअर ती काढू शकत नाही. अशा वेळी फोटो रुंद ठेवा.

एटीआर-72, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, आलं तर सगळं बदला. त्याच्या पंख्याला सहा पाती, टेकऑफला मिनिटाला सुमारे 1200 फेरे, म्हणजे सेकंदाला 20. शटर 1/2000 ठेवलं तर पाती गोठतात आणि इंजिन हवेत बंद पडल्यासारखं दिसतं. 1/125 ला एक पातं दुसऱ्याच्या जागेपर्यंत पोचतं आणि पूर्ण चकती उमटते. सराव नसेल तर 1/250 पासून सुरू करा आणि कंबरेतून वळत विमानासोबत कॅमेरा फिरवा. इथे काढतानाच चौकट सैल ठेवा, कारण वळताना विमान मध्यावर राहत नाही आणि नंतर कात्रीला जागा लागते.

एक गोष्ट कामाची. आपल्याकडे अल्बम 12×18 चा छापतात आणि ते माप 3:2 चं आहे. 16:9 ला कापलेला फोटो लॅबला दिला की एकतर पांढऱ्या पट्ट्या येतात, नाहीतर नाक-शेपूट उडते. म्हणून न कापलेली फाइल वेगळी जपा आणि छपाईसाठी तिच्यावरून नव्याने क्रॉप करा.