हिलिंग आधी की ध्येय आधी? सबलिमिनल ऐकणाऱ्यांनो, या चुका टाळा

"मन बरं करणारा प्रोग्रॅम घेऊ की पैसा-यशाचा?" हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच जण तरी विचारतात. आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच बहुतेकांनी दोन्ही डाउनलोड केलेले असतात. नऊ वर्षं मी हे सबलिमिनल ट्रॅक ऐकतोय, म्हणजे ज्यात सूचना जाणवू नयेत अशा दडवलेल्या असतात ते रेकॉर्डिंग. चांगली, मेहनती पोरं त्याच त्या खड्ड्यात पडताना पाहून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "मला काय हवंय" यावरून प्रोग्रॅम निवडणं. पाऊल कुठे अडतं, ते आधी बघायला हवं.

माझा मामेभाऊ विक्रोळीला राहतो. एकाच वर्षात त्याचे वडील गेले आणि नोकरीही गेली. त्याने यशाचा प्रोग्रॅम लावला, रात्रभर लूपवर. महिन्याभरात तो घरात सगळ्यांवर खेकसायला लागला, झोप उडाली. त्याला वाटलं, प्रोग्रॅमचा जोर कमी पडतोय. म्हणून आत्मविश्वासाचा एक आणि पैशाचा एक असे आणखी दोन जोडले. लोअर परळला मुलाखतीला गेला आणि इमारतीच्या खालूनच परत आला. असं तीनदा झालं.

तिसऱ्यांदा परतला तेव्हा मी त्याला घेऊन शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो. विचारलं, "लिफ्टपाशी पोचल्यावर मनात नेमकं काय आलं?" बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मुलाखत झाली की पहिला फोन अण्णांना असायचा. आता कोणाला करू?"

अशा माणसाच्या कानात "मी यशस्वी आहे" हे कितीही वाजवा, त्याच्या मनात ते अण्णांपाशीच जाऊन थांबणार. तिन्ही ट्रॅक मी त्याला त्या दिवशी बंद करायला लावले. पंधरा दिवस काहीच ऐकायचं नाही. त्यानंतर फक्त हिलिंगचा एक ट्रॅक, एक दिवसाआड, आणि सोबत समुपदेशक. ट्रॅकने केलं की समुपदेशकाने, की मोकळेपणी रडल्यामुळे झालं, हे वेगळं काढता येणार नाही. पण पुढच्या मुलाखतीला तो वर गेला. ती नोकरी लागली नाही. तरी खाली येऊन त्याने मला फोन केला.

तेव्हापासून मी सांगतो, निवडण्याआधी सात दिवस वही ठेवा. रात्री दोनच ओळी लिहायच्या: आज काय टाळलं, आणि टाळताना मनात कोण किंवा काय आलं. तोच माणूस, तीच घटना तीनदा आली तर हिलिंग. "करायचं राहूनच गेलं", "कुठून सुरू करू कळेना", असंच येत असेल तर ध्येयाचा प्रोग्रॅम. ही माझी सवय आहे, शास्त्र नव्हे. उतावळ्यांना हे सात दिवसही जड जातात, आणि तेच पुढे सहा महिने वाया घालवतात.

उलटी चूकही तितकीच घातक: हिलिंगमध्येच मुक्काम ठोकणं. ओळखीतली एक मुलगी दोन वर्षं "अजून मन पूर्ण स्वच्छ झालं नाही" म्हणत स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरत नव्हती. मन पूर्ण स्वच्छ कधीच होत नाही. हिलिंग सुरू करतानाच कॅलेंडरवर तारीख टाका. मी तीन महिने देतो. त्या तारखेला एक अडलेलं काम करून बघायचं. हात थरथरले तरी झालं, तर ध्येयाकडे वळा.

नुसत्या "बरं वाटतंय" वर विसंबू नका. 1991 साली मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत बाजारातल्या सबलिमिनल कॅसेट तपासल्या. काहींवर स्मरणशक्तीचं लेबल, काहींवर आत्मसन्मानाचं, आणि निम्म्या लोकांना लेबल बदलून दिली. आतल्या संदेशाचा दावा केलेला परिणाम मिळाला नाही. पण जे लेबलवर लिहिलं होतं त्यातच आपण सुधारलो, असं अनेकांना वाटलं. मी ऐकणं सोडलं नाही, कारण शांत बसायची आणि रोज ध्येय आठवायची शिस्त मला त्यातून लागली. मात्र प्रगती मी केलेल्या कामांवरूनच मोजतो: किती अर्ज गेले, कोणाशी बोललो, काय फेडलं.

बाकी चुका थोडक्यात.

एका वेळी पाच प्रोग्रॅम लावू नका. एकच घ्या, नाहीतर बिघडलं कशाने तेही कळत नाही.

दर आठवड्याला प्रोग्रॅम बदलू नका.

"सायलेंट" ट्रॅक, म्हणजे ज्यात सूचना कानाला जेमतेम जाणवणाऱ्या उंच आवाजात असतात ते, व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका. पाठवताना फाइल लहान करण्यासाठी दाबली गेली, तर वरच्या कंपनसंख्येचा आवाज सर्वात आधी उडतो, आणि त्या ट्रॅकमध्ये दुसरं काही नसतंच.

लोकलच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवू नका, कान कायमचे जाऊ शकतात. रूळ ओलांडू नका, आणि कानात इअरफोन घालून तर मुळीच नाही.

डॉक्टरांच्या गोळ्या ट्रॅकच्या भरवशावर बंद करू नका. ऐकताना जुन्या आठवणी झेपेनाशा झाल्या, जगणं नको वाटायला लागलं, तर ट्रॅक तिथेच थांबवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही फोन उचलतात.