बाटलीतला गाळ ओतायचा की ठेवायचा?
घरी बनवलेली बिअर घेऊन मंडळी जमली की आल्या आल्या बाटल्या उघडतात, तसं नका करू, वाटेत हिंदकळलेलं यीस्ट (बिअर आंबवणारी बुरशी, तळाचा गाळ तो हाच) खाली बसायला वेळ लागतो, म्हणून बाटल्या आदल्या दिवशीच पोचवा आणि फ्रीजमध्ये उभ्या ठेवा, आडव्या नाही. ग्लास तिरका धरून एका दमात ओता, मध्येच बाटली सरळ केलीत की गाळ उठलाच, आणि तळाचं बोटभर सोडून द्या. हेफेवाइत्सेनचं, म्हणजे गव्हाच्या गढूळ जर्मन बिअरचं, मात्र उलटं! त्यात यीस्ट हवंच, थोडी उरली की बाटली गोल फिरवून सगळं ग्लासात. ग्लास आधी गार पाण्याने विसळा नाहीतर नुसता फेसच मिळतो. पिल्स ही हलकी बिअर आधी घ्या, डॉपेलबॉक ही कडक जर्मन बिअर शेवटी, साधारण ७ टक्के अल्कोहोलचा किंवा वरच असतो तो, त्याच्यावर पिल्स पाणचटच लागणार.