आधी कापड कोरडे करा, मग विनाइल लावा

हीट प्रेसच्या, म्हणजे तापलेल्या यंत्राखाली दाबून टी-शर्टवर विनाइलची (मागे गोंद असलेल्या पातळ प्लास्टिकची) अक्षरे बसवण्याच्या, कामात नव्याने उतरणाऱ्यांना कटिंग, मिरर (अक्षरे उलटी कापणे) आणि विडिंग (नको असलेले विनाइल सोलून काढणे) जमते असे गृहीत धरते, आणि पहिल्या पावसाळ्यात ज्या तक्रारीने माझी झोप उडवली होती तिच्याकडेच थेट वळते. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातच अक्षरांच्या कडा उचलल्या जातात, आणि ग्राहक विनाइलच्या दर्जाला नावे ठेवतो. बहुतेक वेळा दोष विनाइलचा नसतो, धुणाऱ्याचाही नसतो. तो कापडातल्या ओलीचा असतो.

आमच्या रत्नागिरीत दहीहंडीच्या आणि गणेशोत्सवाच्या टी-शर्टांचे काम नेमके श्रावण-भाद्रपदात येते. हवेतील आर्द्रता ६५ टक्के असली तरी सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे १५० ग्रॅमचा टी-शर्ट हाताला अगदी कोरडा लागला तरी त्यात १०-१२ ग्रॅम पाणी सहज असते. प्रेस खाली येताच बराचसा ताप या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतो, त्यामुळे मीटरवर १५५ अंश दिसत असले तरी गोंदाला तेवढा ताप पोहोचत नाही. शिवाय ती वाफ विनाइलच्या पाठीमागे अडकून गोंदाला धाग्यांत नीट शिरू देत नाही. अक्षरांवरची पारदर्शक फिल्म सोलताना मात्र सारे ठाकठीक दिसते, आणि मेख इथेच आहे.

यावर उपाय फुकटचा आहे. विनाइल ठेवण्यापूर्वी नुसता टी-शर्ट ५ सेकंद दाबावा, प्रेस पूर्ण उघडून वाफ जाऊ द्यावी, आणि उघडताना वाफेची धूसर रेघ दिसेनाशी होईपर्यंत हे पुन्हा करावे. पावसाळ्यात एकदा दाबून भागत नाही. खालच्या पॅडवर कापडी आवरण असेल तर तेही ओल धरते, म्हणून सकाळी पहिला टी-शर्ट चढवण्याआधी तापलेली रिकामी प्रेस काही वेळ मिटून ठेवून ते आवरण तापवून घ्यावे.

दोन दिवसांत धंदा शिकवणाऱ्या सशुल्क वर्गांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. तिथे मला मिळालेला सल्ला एकच होता: सुटत असेल तर तापमान १८० करा. असे मुळीच करू नका. अति तापाने गोंद पातळ होऊन कापडात मुरतो आणि कडेला धरायला काही उरत नाही. लाल पॉलिएस्टर जर्सीवर तर कापडाचा रंग वर चढून पांढरे अक्षर गुलाबी पडते. पॉलिएस्टरसाठी १३० अंशांच्या आसपास बसणारे विनाइल वेगळे मिळते, तेच घ्यावे.

दाबाचे सांगायचे तर कॉलर, शिवण किंवा बटण पॅडच्या बाहेर सोडावे, नाहीतर सारा दाब त्या उंचवट्यावर जातो. घरच्या इस्त्रीने एखाद-दुसरा टी-शर्ट निभावतो, पण त्या भरवशावर मंडळाची ऑर्डर घेऊ नये.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही, कारण काम नीट बसले की नाही हे डोळ्यांना दिसते. फिल्म सोलल्यावर टेफ्लॉन शीट (ताप सोसणारा, न चिकटणारा पातळ तुकडा) ठेवून पुन्हा ३-४ सेकंद दाबावे आणि अक्षर उजेडात तिरके धरून पाहावे; साध्या गुळगुळीत विनाइलवर कापडाची वीण बारीक उमटलेली असली तर ते धरले, आणि पृष्ठभाग सपाट, चकचकीत राहिला असेल तर नाही.

टी-शर्ट देताना मराठीत छापलेली चिठ्ठी पिशवीत जरूर घालावी: २४ तास धुऊ नये, उलटा करून थंड पाण्यात धुवावा, ब्लीच आणि सॉफ्टनर टाळावेत, छपाईवर ब्रश फिरवू नये. परटाच्या कोळशाच्या इस्त्रीचा उल्लेख मी ठळक अक्षरांत करते, कारण ती छपाईवरून एकदा फिरली की विनाइल वितळून इस्त्रीलाच चिकटते.

एवढे करूनही कडा सुटलीच, तर टी-शर्ट पूर्ण वाळवून, टेफ्लॉनखाली पुन्हा दाबून ती बऱ्याचदा बसते. मात्र सुटलेल्या कडेखाली मळ किंवा सॉफ्टनर गेला असेल तर ती पुन्हा धरत नाही. तिथे वाद न घालता टी-शर्ट बदलून द्यावा.