चार इनपुटचं कॅप्चर कार्ड सप्ताहाच्या लाइव्हआधी कसं तपासावं

नवं कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्यांचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड) आलं की बहुतेक जण एकच कॅमेरा पाळीपाळीने चारही पोर्टांना लावून बघतात. चित्र आलं की कार्ड पास. यातून पोर्ट चालू आहे एवढंच कळतं. कीर्तनात चित्र अडकतं ते चारही पोर्ट एकदम भरल्यावर, दोन तासांनी, तापलेल्या कॅबिनेटमध्ये. चाचणीही तशीच घ्या.

आधी स्लॉट. लांब स्लॉटमध्ये कार्ड बसलं म्हणून त्याला तेवढ्या लेन (डेटा जाण्याच्या वाटा) मिळतातच असं नाही. बऱ्याच मदरबोर्डांवर दुसरा लांब स्लॉट आतून चार लेनचाच असतो, कधी एकाचाच. काहींवर एम.२ एसएसडी लावली की शेजारच्या स्लॉटच्या लेन घटतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं. हिशोब सोपा आहे: १९२० × १०८०, पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे एका कॅमेऱ्याचे साधारण २०७ एमबी आणि चारांचे ८३०. पीसीआय एक्स्प्रेस जेन २ ची एक लेन कागदावर ५०० एमबी देते, म्हणजे तिच्यावर दोन कॅमेरे जेमतेम चालतील. एचडब्ल्यूइन्फो या कॉम्प्युटरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डासमोर 'करंट लिंक विड्थ' बघा आणि कार्डाच्या माहितीपत्रकाशी ताडा. आकडा कमी असेल तर स्लॉट बदला, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' आणि स्लीप दोन्ही बंद ठेवा.

सगळे कॅमेरे पाल (५० हर्ट्झ वीज असलेल्या देशांची व्हिडिओ पद्धत) आणि ५० फ्रेमवर आणा. एखादा ५९.९४ वर राहिला तर त्याचं चित्र झटके देतं, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवेही लुकलुकतात. ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरचा कॅनव्हासही ५० फ्रेमचाच ठेवा. तिथे प्रत्येक इनपुट एकदाच जोडा आणि दुसऱ्या सीनमध्ये तोच सोर्स पुन्हा घ्या. नवा बनवला तर अनेकदा काळं चित्र येतं आणि दोष उगाच कार्डावर जातो.

आता मुख्य चाचणी. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये रेंडरिंग, एन्कोडिंग आणि नेटवर्क या तीन जागी गेलेल्या फ्रेम दिसतात. कार्डानेच गाळलेली फ्रेम तिथे मोजली जात नाही. म्हणून एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा आकडा पळणारा ५० फ्रेमचा व्हिडिओ बनवा आणि तो लॅपटॉपवर फुल स्क्रीन चालवा. लॅपटॉपचं एचडीएमआय आउटपुट ५० हर्ट्झवर हवं. ६० वर राहिलं तर लॅपटॉपच काही आकडे दोनदा दाखवेल. एकाचे चार करणारा स्प्लिटर लावून तेच चित्र चारही पोर्टांना द्या, चार चौकटींचा सीन करा आणि रेकॉर्ड करा. मग व्हीएलसीमध्ये 'ई' दाबत सुरुवात, मध्य आणि शेवट एकेक फ्रेम बघा.

एखादी चौकट कायम एका आकड्याने मागे असेल तर चालेल, तो ठरलेला उशीर आहे. फरक कमीजास्त होत असेल तर गडबड आहे. चारही चौकटींत मिळून आकडा चुकला तर लॅपटॉप किंवा ओबीएस तपासा. लॅपटॉप आणि कॉम्प्युटरची आतली घड्याळं वेगळी असल्याने कधीमधी एखादा आकडा घसरतोच. एकाच चौकटीत वारंवार गाळला जात असेल तर त्या पोर्टाची वायर दुसऱ्या पोर्टाला लावा. दोष वायरीसोबत सरकला तर वायर किंवा स्प्लिटरचं ते आउटपुट खराब, जागेवरच राहिला तर पोर्ट.

यानंतर खरे कॅमेरे, आणि मंडपात लागतील तेवढ्याच लांबीच्या वायरी. घरातल्या दीड मीटरच्या वायरीवर झालेली चाचणी मंडपात उपयोगाची नाही. साधी एचडीएमआय वायर १०-१५ मीटरपुढे भरवशाची राहत नाही: ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं. मागच्या कॅमेऱ्यासाठी एसडीआय (लांब अंतरावर चालणारी व्हिडिओ वायर) किंवा ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. सुरुवातीला आणि तीन तासांनी कॅमेऱ्यांसमोर टाळी वाजवा. आवाज दोन्ही वेळा सारखाच पुढे असेल तर ओबीएसच्या 'सिंक ऑफसेट'मध्ये तेवढे मिलिसेकंद भरा. ५० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे २०. फरक वाढत गेला असेल तर आवाजाचा सॅम्पल रेट बहुधा कुठेतरी ४४.१ किलोहर्ट्झ राहिलाय, सगळीकडे ४८ करा.

हे तीन तास भर दुपारचे असू द्या, कॅबिनेटचं झाकण लावून. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मंडपात एसी नसतो. ग्राफिक्स कार्ड आणि कॅप्चर कार्ड यांच्यात जमलं तर एक स्लॉट रिकामा सोडा.

अर्थिंगची तपासणी मात्र कार्यक्रमाच्या जागीच करायची. जनरेटरला अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर १०० व्होल्टच्या आसपास दाब दिसू शकतो. करंट थोडा असतो, पण वायर लावताना तो पोर्टातून वाट काढतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक वायरीच्या धातूच्या टोपीला, दुसरं कार्डाच्या पट्टीला लावा. आकडा मोठा दिसला तर वायर जोडू नका. कॅमेरे, मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच अर्थिंगवाल्या बोर्डावर घ्या, ते जमत नसेल तर कॅमेरे बॅटरीवर चालवा, आणि वायरी दोन्ही बाजू बंद असतानाच लावा.