एक्सेल सोडून 'आर'मध्ये आलेल्यांनो, आधी व्हेक्टर

एक्सेलमध्ये वर्षानुवर्षं संसार केलेली माणसं 'आर' या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आली की पहिले काही दिवस सेल शोधत बसतात. इथे सेल नाही, व्हेक्टर आहे, म्हणजे ओळीने लावलेल्या मूल्यांची यादी. सुटा एक आकडासुद्धा एक लांबीचा व्हेक्टरच असतो. पुण्यातले बरेच क्लासवाले हे दहा मिनिटांत उरकतात आणि रंगीत आलेखांकडे पळतात. पुढे निस्तरायला आम्ही आहोतच.

इन्स्टॉल कसं करायचं ते यूट्यूबवर बघा. आणि उदाहरणं मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाइप करा.

पाऊस <- सी(९८, ११२, ४५)

हवेली, मुळशी, दौंड यांचे मिलिमीटर 'पाऊस' या नावाखाली गेले. सी हे आकडे एकत्र जोडणारं फंक्शन, लहान लिपीतलं. बरोबरचं चिन्हही चालतं, पण बाण हा इथला रिवाज. ऑकलंडला रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 'आर' उभी केली, त्याआधीच्या बेल लॅब्जमधल्या 'एस' भाषेतून तो आलाय. पायथन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतले लोक यावरून वाद घालतात. घालू द्या. आरस्टुडिओत ('आर' लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑल्ट आणि वजा दाबलं की बाण दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसकट उमटतो. ती जागा सोडायचीच. 'उणे पाचपेक्षा कमी' विचारायला कोणी घाईत तोटा<-५ लिहितं आणि तोट्याचा अख्खा व्हेक्टर पुसून तिथे ५ येऊन बसतो. ना विचारणा, ना कंट्रोल-झेड.

दुसरं, दुप्पट <- पाऊस * २ लिहून नंतर 'पाऊस' बदललात तर 'दुप्पट' आपोआप बदलत नाही. ती ओळ पुन्हा चालवावी लागते. एक्सेलची सवय इथे नडते.

आता मुख्य दुखणं. एका व्हेक्टरमध्ये एकाच जातीचा माल राहतो. तालुक्यांच्या तक्त्यात एका ठिकाणी कारकुनाने 'निरंक' लिहिलं असेल, तर तेवढीच नोंद नाही, त्या रकान्यातले सगळेच आकडे मजकूर होतात. एक्सेलची बेरीज असा मजकूर गुपचूप वगळते. 'आर'ची बेरीज निदान एरर तरी देते. मॅक्स मात्र निमूटपणे उत्तर देऊन मोकळं होतं. आमच्याकडच्या एका मुलाने 'निरंक' काढून टाकलं आणि सुटलो म्हणाला. उरलेले आकडे मजकूरच राहिले होते. सर्वाधिक पाऊस "९८" आला, मुळशीचे ११२ मागे पडले, कारण मजकुरात १ हा ९ च्या आधी येतो. उत्तराभोवतीची अवतरणचिन्हं कोणी पाहिली नाहीत आणि अहवाल तसाच वर गेला. म्हणून नवीन फाइल उघडलीत की आधी क्लास(पाऊस) विचारा. 'कॅरेक्टर', म्हणजे मजकूर, दिसलं तर पुढे जाऊ नका.

अ‍ॅज.न्यूमरिक हे मजकुराचे आकडे करणारं फंक्शन लावलं की काम झालं, असंही नाही. ते 'निरंक'चा एनए करतं, म्हणजे 'माहीत नाही'. पण निरंक म्हणजे पाऊस शून्य! वरच्या तिघांत आणखी एक निरंक तालुका धरला तर सरासरी ६३.७५ येते, एनए वगळून काढलीत तर ८५. त्यामुळे आधी 'निरंक'च्या जागी ० घाला, मग रूपांतर करा, आणि एनए फक्त खरोखर न आलेल्या नोंदींना ठेवा. आपल्या १,२५,००० मधले स्वल्पविरामही आधीच काढा, नाहीतर त्याचाही एनए होतो. लाल अक्षरांत इशारा येतो, पण तो वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मोजणी १ पासून. पाऊस[-१] म्हणजे पहिला सोडून बाकीचे; पायथनवाल्यांना इथे शेवटचा हवा असतो.

बारा महिन्यांच्या व्हेक्टरला चार आकड्यांच्या व्हेक्टरने भागलंत तर 'आर' तेच चार पुन्हा पुन्हा वापरते आणि काही बोलत नाही. पाच आकड्यांच्या व्हेक्टरने भागलंत तर इशारा देते. भागाकाराआधी दोन्हींची लेंग्थ बघा.