मेंदूला मार लागलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना या चुका टाळा

रुग्ण सीटी स्कॅनहून परत येतो तेव्हा घाबरलेला हात अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) भराभर दाबत असतो. मिनिटाला तीस श्वास सहज होतात. आयसीयूत एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) काढावा तर कार्बन डायऑक्साइड २४ मिमी (पाऱ्याच्या दाबात)! ऑक्सिजन सॅच्युरेशन १०० टक्के दिसतं म्हणून सगळे निर्धास्त, आणि मेंदू तिकडे रक्ताविना तळमळतोय. मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच चूक.

कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. दर १ मिमीमागे रक्तपुरवठा साधारण ३ टक्क्यांनी घटतो. कवटीतला दाब कमी होतो खरा, पण जखमी भागाच्या तोंडचं रक्तही आपण काढून घेतो. म्हणून कार्बन डायऑक्साइडची ३५ ते ४५ ही पातळी सोडू नका. एका डोळ्याची बाहुली अचानक मोठी झाली (मेंदू दाबला जात असल्याची खूण) तर थोडा वेळ ३० ते ३५ वर न्या, तेही मॅनिटॉल किंवा हायपरटॉनिक सलाइन (कवटीतला दाब उतरवणारी औषधं) लागू पडेपर्यंत आणि न्यूरोसर्जन पुढचं ठरवेपर्यंतच. मग वाढवलेला श्वासांचा रेट हळूहळू उतरवा. एकदम उतरवला तर वाहिन्या फुगतात आणि दाब उसळतो. रुग्णाला हलवताना कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) लावा, पाच-सहा सेकंदांना एकदाच बॅग दाबा. फुप्फुसं खराब असतील तर कॅप्नोग्राफ खरा आकडा कमी दाखवतो, एबीजीशी ताडून पाहा.

कवटीतला दाब अचानक वाढला तर औषधाआधी रुग्णाकडे बघा. मान एका बाजूला कलली आहे का? डोकं ३० अंश वर आहे का? श्वासाच्या ट्यूबची दोरी गळ्याभोवती आवळली असेल तर शिरा दबतात, वरचं रक्त खाली उतरत नाही. नुसती दोरी सैल केल्यावर मॉनिटरवरचा आकडा उतरताना मी पाहिलाय.

सक्शन (ट्यूबमधला स्राव ओढून काढणं) घड्याळ लावून करू नका, स्राव असेल तेव्हाच करा. आधी १०० टक्के ऑक्सिजन, गरजेप्रमाणे सेडेशन (गुंगीचं औषध), आणि सक्शनची नळी (कॅथेटर) १०-१५ सेकंदांत बाहेर. खोकल्याची एक उबळसुद्धा दाब वर चढवते.

टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) वजनकाट्यावरून नाही, उंचीवरून काढा.

आणि दाब वाढेल या धास्तीने पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब) शून्यावर ठेवू नका. ५ (सेंमी पाणी) बहुतेकांना चालतो. फुप्फुसं मिटली आणि ऑक्सिजन घसरला तर मेंदूचं नुकसान जास्त. पीप वाढवताना मात्र नजर बीपीवर हवी. ते पडलं तर मेंदूचा रक्तपुरवठाही पडतो, मग आधी बीपी सावरा.